डाव्या कानामागचं वल्हं

फारुक तांडेलचा डावा कान रमझान ईदनंतर एका सकाळी अचानक गेला, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं. फारुकचं म्हणणं वेगळं होतं. कान कुठेही गेलेला नाही, गेलीय ती माणसांची नियत. नाहीतर त्याच्या डाव्या बाजूला जो कोणी बसेल तो नुसते ओठ का हलवतो? आणि सगळ्यांत जास्त पुतण्या मुझम्मिलच का?

इराकच्या लढाईच्या वर्षी मुझम्मिल कुवेतची नोकरी सोडून राजिवड्याला परतला आणि चाचाच्या होडीवर चढला. फारुकला मूलबाळ नव्हतं. पुढेमागे होडी मुझम्मिलकडेच जायची होती. पण कुवेत बघून आलेल्या माणसाला पुढेमागे म्हणजे फार उशीर वाटत असणार, हे फारुकच्या मनात घर करून बसलं होतं.

त्यात भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी तो प्रकार झाला. धुकं दाट होतं. होडीच्या नाळेवरून, पुढच्या टोकावरून मुझम्मिल ओरडला, "चाचा, होडी आली!" आवाज उजवीकडून आला म्हणून फारुकने होडी डावीकडे वळवली आणि डावीकडूनच येणाऱ्या होडीवर नेऊन घासली. एक फळी फुटली.

"उजवीकडे उभा राहून ओरडलास आणि आता डावीकडे होतो म्हणतोस?"

"चाचा, मी डावीकडेच होतो. विचारा बाबूला."

बाबू हा होडीवरचा जुना खलाशी. तोही म्हणाला, डावीकडेच होता. म्हणजे बाबूलाही फितवलंय, फारुकने मनाशी नोंद केली.

शेवटी बायकोनं, हफीजानं, त्याला गावातल्या कानाच्या डॉक्टरकडे ढकललं. सोबत मुझम्मिल होताच. तिथं सानिका नावाच्या मुलीनं त्याला काचेच्या खोलीत बसवून नाना आवाज ऐकवले. मग डॉक्टर बोलायला लागले. कान गेल्यागेल्या आला असतात तर औषधानं कदाचित फरक पडला असता. आता दोन महिने उलटलेत. डावा कान पूर्ण बंद आहे, त्यात साधं यंत्र घालून उपयोग नाही. एक उपाय असा, की डाव्या कानावर माइक लावायचा आणि त्याची वायर मानेमागून उजव्या कानातल्या यंत्राला जोडायची. दुसरा उपाय डोक्यावरच्या पट्टीचा. ती डाव्या कानामागचं हाड थरथरवते. तेच यंत्र हाडात स्क्रू बसवून मुंबईला कायमचं करतात. आणि काहीच करायचं नसेल, तर माणसांना उजवीकडे बसवायचं.

"पण आवाज कुठल्या बाजूनं आला, हे यातल्या कशानंही नीट कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याला दोन कान लागतात."

मुझम्मिलने मान डोलावली. जरा लवकरच डोलावली, असं फारुकला वाटलं.

सानिकानं ती पट्टी त्याच्या डोक्यावर चढवली आणि डाव्या बाजूला जाऊन बोलली. लख्ख ऐकू आलं. फारुक उठूनच उभा राहिला.

"बघा! डाव्यानं ऐकलं! म्हणे बंद आहे. अहो, याच कानानं मी पाण्याखालचे मासे ऐकतो."

ते खरं होतं. घोळ माशांचा थवा पाण्याखाली आवाज करतो. इंजिन बंद करून वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांडा कानामागच्या हाडाला टेकवायचा. फारुकचा उजवा हात सुकाणूवर असे, म्हणून दांडा नेहमी डावीकडे. गेल्या आठवड्यातही त्याने घोळ ऐकली होती.

"काका, ती थरथर हाडातून उजव्या कानात जाते," सानिका म्हणाली. "पट्टीचंही तसंच. खोटं वाटतं ना? मग पुढच्या वेळी वल्हं लावलंत की उजव्या कानात बोट घट्ट घाला. डावा ऐकत असेल तर काही बदलणार नाही. उजवा ऐकत असेल तर आवाज मोठा होईल."

"बोट घातल्यावर आवाज मोठा?" फारुक हसला. पोरीला पढवलंय, पण धड पढवलेलंही नाही.

घरी त्याने हफीजाला सांगून टाकलं, "ही फेरी झाली की मुझम्मिलला उतरवतो. दुसरी होडी बघू दे त्याला."

"कान गेला तो गेला, आता डोकंही त्याच वाटेला लावताय का?" हफीजा म्हणाली. ती नेमकी उजवीकडे होती, त्यामुळे ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि वल्हं पाण्यात सोडून दांडा डाव्या कानामागे टेकवला. थोड्या वेळानं आला आवाज, मडक्यात बेडूक बसल्यासारखा. डुर्र, डुर्र. इथेच तर आहे, डावीकडे.

कोणी बघत नाही असं पाहून त्याने उजव्या कानात करंगळी घातली.

आवाज वाढला. डावीकडे नाही, थेट करंगळीखाली, जणू बेडूक बोटाला येऊन चिकटला. बोट काढलं, आवाज बारीक झाला. घातलं, पुन्हा मोठा. फारुकने वल्ह्याकडे पाहिलं. वल्ह्याला कोणी फितवलेलं असणं शक्य नव्हतं.

त्याने मान वळवली. डाव्या बाजूला मुझम्मिल उभा होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. फारुकने उजवा कान त्याच्याकडे केला.

"काय म्हणतोस?"

"केव्हाचा विचारतोय, जाळं सोडू का?"

"आणि बाबूशी काय कुजबुजत असतोस रोज?"

"तुम्ही उत्तर देत नाही, मग त्याला विचारतो, चाचा रागावलेत का माझ्यावर."

बाबूनं मान खाली घालून जाळ्याची दोरी उगाचच सोडवायला घेतली.

फारुकने खाडीच्या दिशेनं पाहिलं. तिच्या तोंडाशी आज बाहेर पडताना धुकं नव्हतं, पण उद्या असेल.

"इकडे ये. सुकाणू धर."

मुझम्मिल जागचा हलला नाही. "आणि तुम्ही?"

"मी घोळ ऐकतो. त्याला एक कान पुरतो, असं दिसतंय." त्याने सरकून जागा करून दिली. "सोमवारी त्या पोरीकडे जाऊ. पट्टी परत लावून बघतो. पण डॉक्टरशी मी बोलणार. तू माझ्या उजवीकडे बसायचं, तोंड दिसेल असं."

"म्हणजे अजून संशय आहेच?"

"आहे थोडा," फारुक म्हणाला. "एकदम कसा जाईल?" आणि त्याने दांडा पुन्हा कानामागे टेकवला.