पटावरची सात पोरं

अरे ऐका तर, शिरूर अनंतपाळजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत आपल्या सुकन्यानं काय करून ठेवलं होतं! तिच्याकडं तिसरीचा वर्ग, पटावर तेवीस पोरं. अन् जुलैत नांदेडहून मनस्विनी मॅडम येणार होत्या. पोरं वाचायला कशी शिकतात, यावर त्या संशोधन करून राहिल्या होत्या. आता शाळा बघायला कुणी येणार म्हटलं की आपल्याकडं काय होतं, ठाऊकच हाय. दारात रांगोळी, फळ्यावर सुविचार, हुशार पोरं पुढच्या रांगेत. अन् ज्यांना काहीच येत न्हाई त्यांना आदल्या दिवशीच सांगायचं, "उद्या घरीच थांबा." मुख्याध्यापक रामलिंग सरांनी सवयीनं सांगितलं, सुकन्यानं सवयीनं केलं. सात पोरं घरी! मनस्विनीनं उरलेल्या सोळा जणांचं वाचन तपासलं, नावानिशी मार्क मांडले, अन् अहमदपूरला गाडी बदलायची म्हणून पळत सुटली.

पण ती दर पंधरा दिवसांनी येऊ लागली की! तिनं चित्रांची कार्डं आणली होती, लई देखणी. पोरं त्यांच्यापुढं गपगार.

"मॅडम, आधी ह्यांना बोलू द्या," सुकन्या म्हणाली. "बोलतील तसं लिहू, अन् तेच वाचायला देऊ."

"तसं म्हणजे? त्यांच्याच बोलीत?"

"हाव. जसंच्या तसं."

घरी बसवलेल्या त्या सातांतली एक ऋतुजा. दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नव्हतं पोरीनं. एक दिवस ती बोलली, "आमची शेळी याली. दोन पिल्लं झाली. एक लई वांड हाय." सुकन्यानं हे मोठ्या अक्षरात लिहिलं. ऋतुजा बोट ठेवून 'शेळी' कुठंय ते शोधत बसली. कोणते शब्द पुन्हा पुन्हा येऊ द्यायचे, काय टिपून ठेवायचं, हे मनस्विनी सांगायची. भांडणंही व्हायची बरं का! "रोज नोंदी करा म्हणता, एकदा तेवीस पोरं सांभाळून बघा," असं सुकन्या तोंडावर बोलायची. मग दोघी हसायच्या. जानेवारीत ऋतुजा पाठ्यपुस्तक वाचत होती. सातही पोरं वाचत होती!

फेब्रुवारीत दुसरी चाचणी. या वेळी सुकन्यानं घरोघरी जाऊन सगळी पोरं गोळा केली. प्रगती दिसली तर पुढच्या वर्षी तालुक्यातल्या सगळ्या शाळांत हेच करायचं, असं लातूरला शिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरणार होतं. पोरांनी काय वाचलं! मग ऑफिसात मनस्विनीनं दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या.

"सुकन्या, ही सात नावं पहिल्या यादीत नाहीत. त्या दिवशी गावाला गेली होती का?"

सुकन्यानं हातातला चहा खाली ठेवला. "न्हाई मॅडम. मीच त्यांना घरी बसवलं होतं. तवा तुम्ही तपासणीलाच आलात, असं वाटलं होतं मला."

मनस्विनीनं त्या सात नावांखाली पेनानं रेघ ओढली. मग हळूच म्हणाली, "मग ही सात मोजता येणार नाहीत. आधी किती येत होतं त्याची नोंदच नाही. बाकीच्या सोळांना आधीच बरं वाचता येत होतं. खरी उडी ह्या सातांचीच आहे गं."

"अहो, त्यात काय!" रामलिंग सर पुढं सरसावले. "शून्य टाका की. काहीच येत नव्हतं त्यांना. मी सही करतो."

अन् सांगू का, मनस्विनी लगेच नको म्हणाली नाही! वर्षभराची मेहनत होती तिची. पेन हातात, नजर सुकन्याकडं. "तू सांग. शून्यच होतं?"

हाव म्हटलं की झालं. तालुकाभर पोरं वाचायला लागली असती. सुकन्याच्या ओठावर आलंही होतं. पण तिला ऋतुजा आठवली. हिला काही येत न्हाई, हे ठरवलं कुणी?

"ठाऊक न्हाई मॅडम," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "मी कधी विचारलंच न्हाई त्यांना. बोलत न्हाईत म्हणजे येत न्हाई, असं धरून चालले."

"गेला का तालुका हातचा!" सरांनी कपाळाला हात लावला.

मनस्विनीनं पेनाला टोपण लावलं. "पटावर तेवीस होते, समोर सोळाच बसले होते. मलाही दिसत होतं ना. गाडीच्या घाईत विचारलं नाही मी." अहवालात तिनं दोघींच्या चुका दोघींच्या नावानं लिहिल्या.

लातूरच्या बैठकीत साहेब एवढ्यात नको म्हणाले. वर्षभर नीट करा, मग बघू.

जून संपताना नवी तिसरी पहिल्या चाचणीला बसली, सगळीच्या सगळी. सुदर्शन नावाचं पोरगं कागदापुढं गप्प. पाच मिनिटं झाली, सात झाली. बाहेर रामलिंग सरांच्या येरझाऱ्या. सुकन्याची नुसती तगमग, पण ती हलली न्हाई, मनस्विनीही न्हाई. मग पोरगं खाली मान घालून पुटपुटलं, "घर... पाणी..."

मनस्विनीनं त्याच्या नावापुढं दोन शब्द मांडले अन् सुकन्यानं पुढच्या पोराला हाक मारली.