लिंबाने न मेलेला

सेनाइदाने मोहार्रा माशाच्या मांसाचा तुकडा दोन काचांमध्ये दाबून खिडकीच्या उजेडासमोर धरला. मांसात एक गुलाबी वेटोळं होतं.

धरणाकाठच्या या प्रयोगशाळेत माशांतले किडे ओळखण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण आजचा मासा घरचा होता. ईस्टरआधीचे उपास चालू; शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालत. म्हणून दर शुक्रवारी ती धरणातलेच मोहार्रे आणून कच्चे लिंबात मुरवी, आणि गरोदर लेक, इत्सेल, वाटी चाटूनपुसून खाई. आज एक मासा उरला, तो सेनाइदाने सवयीने तपासायला आणला होता.

"लिंबाने मरतात हो," जुना सहकारी रोहेलिओ म्हणाला. "आमची आजी जन्मभर तेच खात आली."

सेनाइदाने किडा सोडवून त्याच्यावर लिंबू पिळलं. तो खुशाल वळवळत राहिला.

'देवा, ओळखीचा निघू दे. बगळ्यांच्या पोटातला, माणसाला न बाधणारा.'

कढत पाण्यात टाकताच तो सरळ झाला. सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याभोवती आकड्यांच्या ओळी दिसल्या. पुस्तकातल्या माहीत असलेल्या जातींच्या एकेका चित्राशी तिने ताडून पाहिलं. एकाशीही जुळेना.

रोहेलिओने डोळा लावला आणि टाळीच वाजवली. "सेनाइदाबाई, नवी जात! मेस्कालची बाटली काढा! नाव इत्सेलचंच ना? लहानपणीच कबूल केलंयत तिला."

नवी, म्हणजे माणसाच्या अंगात शिरून तो कुठवर जातो, हे कुणालाच ठाऊक नाही. सेनाइदाने छातीवर क्रूस काढला आणि फोन लावला.

"काय गं आई? सापडला वाटतं माझा किडा!" इत्सेल हसली. "माझंच नाव दे हं."

"नाही देणार. तुला कुठे खाजतंय का, बाळा?"

"पोटावर जरासं. या दिवसांत खाजतंच म्हणे. लाल रेघ उठलीय. पण गंमत बघ, काल बेंबीखाली होती, आज फासळीपाशी आलीय. आई? ऐकतेयस ना?"

"खाजवू नकोस. कपडे बदलून बस, दवाखान्यात जायचंय. आलेच मी."

किड्याची कुपी तिने रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. डॉक्टरांना दाखवायला तेवढंच होतं तिच्याजवळ. सांगायला नाव नव्हतं.