नव्वद डॉलरचा संच

वॉलरूच्या हौशी रेडिओ मंडळाची जुन्या सामानाची विक्री दर मार्चमध्ये स्काउटांच्या हॉलमध्ये भरते. यंदा क्लेम ट्रेगेन्झाने आपला मोठा रेडिओ संच विकायला काढला. चिलीपासून जपानपर्यंत तो त्यावर बोलला होता. पण आता ऐकू कमी येत होतं, आणि या वयात शिडी चढून अँटेना सावरणं त्याच्या बायकोने, मेरिलने, बंद करायला लावलं होतं. टेबलावर तीही बसली. किमतीची चिठ्ठी तिनेच लिहिली : नव्वद डॉलर.

घेतला तेवढ्यालाच द्यायचा, असा तिचा साधा हिशेब. क्लेमने ती चिठ्ठी संचाला चिकटवली. आज त्या संचाला कुणी फार जास्त देणारही नव्हतं. पलीकडच्या टेबलावर तळहाताएवढे नवे चिनी संच होते. दोघांच्या मासे-चिप्सच्या पैशात एक येत होता.

दुपारी ॲडलेडहून आलेला ट्रेव्ह ऑटवे नावाचा गृहस्थ थांबला. बराच वेळ त्याने बटणं फिरवून पाहिली, मग चिठ्ठी वाचून हसला.

"नव्वद? अहो, अठ्ठ्याहत्तर साली हा नवाच निघाला, तेव्हा मी दुकानात विकायचो, नऊशेला. लोक काचेतून बघूनच परत जायचे."

"नऊशे?" मेरिलने विचारलं.

"एक सेंट कमी नाही. जुनी गाडी यायची तेवढ्यात."

मेरिलने क्लेमकडे पाहिलं. तो उगाच केबल गुंडाळू लागला. जवळच मंडळातले चारपाच जण चहा पीत हे ऐकत होते. त्यातल्या एकाने पाठ फिरवली.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात मेरिलची आई समुद्रापलीकडे होबार्टला अंथरुणाला खिळली होती. बहीण फोन करकरून बोलावत होती. बंदराच्या धक्क्यावरचा ओव्हरटाइम बंद आहे, तिकिटाला पैसे नाहीत, थंडी सरली की जाऊ, असं क्लेमने सांगितलं. ऑगस्टमध्ये, थंडी सरण्याआधीच, आई गेली. संच तेव्हा नुकताच घरात आला होता. कुणीतरी वापरलेला आहे, नव्वदला मिळाला, असं तो म्हणाला होता, आणि तिने ते खरं मानलं होतं.

ट्रेव्ह ओशाळला. सव्वाशे देतो म्हणाला, एवढ्या कमीत न्यायला बरं वाटत नाही.

"नको," मेरिल म्हणाली. "नव्वदच द्या. आमच्या घरात तो नव्वदलाच आला होता."

परतताना गाडी तिने चालवली. गाव मागे पडल्यावर म्हणाली, "म्हणजे तेव्हा पैसे होते."

"होते," क्लेम म्हणाला. "मला वाटलं, आई तग धरतील. आणि दुकानात तो एकच उरला होता."

इतक्या वर्षांत मनातल्या मनातसुद्धा त्याने हे असं सरळ म्हटलं नव्हतं. बोलून गेल्यावर त्याला तिच्याकडे बघवेना.

ती भांडली असती तर त्याला सोसलं असतं. ती भांडली नाही. एप्रिलमध्ये त्याने चाचरत होबार्टचा विषय काढला. दोघं जाऊ, आईच्या थडग्यावर फुलं ठेवू, म्हणाला. तिने स्वतःचं तिकीट आधीच काढलं होतं.

"तू नको येऊस, क्लेम. इतकी वर्षं मी तिथे तुझी बाजू घेत आले. आता बहिणीला काय सांगायचं, ते माझं मला ठरवू दे."

बसथांब्यावर त्याने तिची बॅग विमानतळाच्या बसमध्ये चढवली. परक्या माणसाचे मानावेत तसे तिने आभार मानले आणि आत जाऊन बसली. बस सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. हात हलवावा की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही.