चारा-पाणी ग्रुपची परवानगी

चारा-पाणी या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिणं कुणाला फारसं जमत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. कन्नड तालुक्यातले साठ-सत्तर मेंढपाळ तिथं बोलून पाठवायचे: कुठं कुरण राहिलंय, कुठल्या गावात मेंढरं बसू देतात, कुठं पाणी सापडलं. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत या ग्रुपनं कितीतरी कळप जगवले. ग्रुप चालवायचा अजिनाथ, आणि त्यानंच आपल्या भाचीला, प्रांजलीला, कौतुकानं त्यात घेतलं होतं. घरातली पहिली पोरगी पीएचडी करतेय, तिला नाही घ्यायचं तर कुणाला?

प्रांजली शहराला लागलेल्या हर्सूलला वाढलेली. मेंढरांमागं तिचा आजा हिंडला, ती नाही. तिनं याच ग्रुपवर प्रबंध लिहायला घेतला. परवानगी मागायला हवी एवढं तिला कळत होतं, म्हणून एका सकाळी तिनं नीट शुद्ध मराठीत आठ ओळी टाकल्या: आपले संदेश संशोधनासाठी वापरले जातील, नावे गुप्त राहतील, हरकत असल्यास कळवावे. हरकत कुणीच घेतली नाही. अकरा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिनं ती परवानगी धरली, विद्यापीठाच्या समितीनंही धरली. ज्या ग्रुपवर सगळे ऐकतात तिथं आपण वाचायला दिलं, हे त्या शहाण्या मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नावं मात्र तिनं काळजीनं बदलली. पिशोरच्या बानाबाई या साठीतल्या मेंढपाळ बाईची तिनं ‘सुमनबाई’ केली. पण बाईचं बोलणं असं रसाळ, की त्यातला शब्दही हलवायचं तिच्या जिवावर आलं: “पिशोरच्या डोंगराआड, म्हसोबाच्या वरल्या अंगाला, पळसाच्या दाटीत जुनी बारव हाय. पानी गोड हाय. पन गुमान जा, गवगवा करू नका.” एका चर्चासत्रात तिनं हे वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रानं ते जसंच्या तसं छापलं, तिच्या फोटोसकट.

पंधरा दिवसांत बारव आटली. शहरालगतच्या पडेगावकडं नव्या वसाहती उठल्या होत्या आणि नळ पोचले नव्हते. तिथले टँकर डोंगरापर्यंत आले आणि मोटार लावून तळ दिसेस्तोवर पाणी उपसून गेले.

ग्रुपवर गदारोळ उठला. बारवेची खबर दिली होती एकट्या बानाबाईनं, आणि तिचा पोरगा बिभीषण पडेगावलाच बांधकामावर होता. आणखी काय पुरावा पाहिजे? “म्हातारीनं पानी इकलं,” असं कुणीतरी बोललं आणि अजिनाथनं तिला काढून टाकलं. जिनं सगळ्यांची मेंढरं पाण्यावर नेली, तिच्याच कळपाला आता पाणी कुठं आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही.

प्रांजलीनं ते ऐकलं आणि ती तडक विद्यापीठात गेली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “नियमांत तुझं काहीच चुकलेलं नाही. तोंडी परीक्षा तोंडावर आली आहे, आता गप्प बस.” नियमांत चुकलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. ती दोन दिवस गप्प बसली, आणि त्या दोन दिवसांची लाज तिला पुढं कायम वाटत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं फोन तोंडाशी धरला. “मामा, सगळ्यांनी ऐका. बारवेचा पत्ता पेपरात माझ्यामुळं आला. बानाबाईंनी बाहेर कुणाला काही सांगितलेलं नाही. त्यांना परत घ्या.”

अजिनाथनं बानाबाईला परत घेतलं आणि भाचीला काढलं. फोन करून एवढंच म्हणाला, “घरची म्हणून घेतलं व्हतं तुला.”

दुसऱ्या दिवशी ती पिशोरला गेली. बानाबाई बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसली होती. निम्मी मेंढरं राहिली होती, तीही बरगड्या दिसणारी. प्रांजलीनं माफी मागितली आणि प्रबंधातलं ते पान वाचून दाखवलं.

“ही सुमनबाई कोन?” बानाबाईनं विचारलं.

“तुम्हीच, मावशी. तुमचं नाव लपवलं होतं.”

“माझं नाव कशापायी? ते साऱ्या तालुक्याला ठाव हाय. लपवायची व्हती ती बारव.” म्हातारीनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. “आन् तू ते लिवून धाडलं व्हतंस ना, त्याला म्या बी हात जोडले व्हते. मला वाटलं, कुनीतरी देवाचं धाडलंय.”

प्रांजलीला रडू आवरेना. “मी ते सगळं काढून टाकते. पीएचडी नाही झाली तरी चालेल.”

“काढ,” बानाबाई म्हणाली. रागावली नाही, पण समजूतही घातली नाही. तांब्यातलं निम्मं पाणी मात्र तिनं पोरीला दिलं, कारण उन्हातून आलेल्याला पाणी द्यायचं असतं.

तेवढ्यात बानाबाईचा फोन वाजला. ग्रुपवर कडूबा नावाचा मेंढपाळ बोलत होता: “बानाबाई, चुकलं आमचं. पन मेंढरं कालपून तहानलीत. कुठं पानी असंल तर सांगा.”

बानाबाईनं बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि समोर बसलेल्या प्रांजलीकडं पाहून बटण सोडलं.

“पोरी,” ती हळू आवाजात म्हणाली, “तू जरा लांब जाऊन बस.”

प्रांजली उठली. म्हातारीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती चालत राहिली.