एमरीने रिकामा सोडलेला चौकोन

व्हर्ना टीटरच्या दुकानात बंदुका भिंतीवर, काडतुसं कपाटात आणि फोन गल्ल्याशेजारी, जिथे मी बसते. आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात बंदूक घ्यायची तर आधी अर्ज भरायचा. मग व्हर्ना फोनवरून सरकारला नाव कळवणार, आणि पलीकडून तीनातलं एक उत्तर येणार: द्या, देऊ नका, किंवा थांबा. बहुतेकांचं ‘द्या’ कॉफी निवायच्या आत येई.

त्या नोव्हेंबरात मंगळवारी तिचा थोरला भाऊ एमरी बेनेट आला. जूनच्या पुरात त्याची बंदूक वाहून गेली होती. सोमवारी हरणांचा हंगाम उघडणार होता, आणि गेली चाळीस वर्षं तो पहिला दिवस एमरी आणि त्याचा दोस्त क्लीट हार्पर एकाच ओकच्या बुंध्याशी बसून काढत आले होते. क्लीटच्या फुप्फुसांत खाणीतला कोळसा बसलेला. हा त्याचा शेवटचा हंगाम, असं गाव दबक्या आवाजात बोले. क्लीट स्वतः मोठ्याने बोले.

एमरीने अर्ज भरला आणि एक चौकोन रिकामा सोडला.

“सोशल सिक्युरिटीचा नंबर लिही की,” व्हर्ना म्हणाली.

“सक्ती आहे?”

“नाही. पण लिहिलास तर दुसऱ्या कुणाशी घोळ होत नाही. बेनेट काय कमी आहेत जगात?”

“तो नंबर पेन्शनसाठी आहे. बंदुकीशी त्याचा काय संबंध?”

व्हर्नाने फोन लावला. उत्तर आलं: थांबा.

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. कामाचे तीन दिवस सरकार गप्प राहिलं, तर दुकानदाराला स्वतःच्या जबाबदारीवर बंदूक देता येते. एमरीला तो नियम तोंडपाठ. शनिवारी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला.

“काढ ती बंदूक खाली.”

“उत्तर आलेलं नाही.”

“तीन दिवस भरले ना? आता मुभा आहे तुला.”

“मुभा आहे, सक्ती नाही. तुझ्या चौकोनासारखंच.”

“अगं, भाऊ आहे मी तुझा! लहानपणी तुझं नाक पुसलंय!”

“माझ्याच फ्रॉकने पुसलंस. नंबर दे, आत्ता परत फोन लावते.”

“मेलो तरी नाही देणार.” मग त्याने माझ्याकडे बोट केलं. “हिच्या नवऱ्याची शिक्षा मला होय?”

मी मान खाली घातली.

सहा वर्षांपूर्वी असेच तीन दिवस भरले म्हणून व्हर्नाने एका माणसाला बंदूक दिली होती. नियमाने काही चुकलं नव्हतं. दोन दिवसांनी उत्तर आलं: देऊ नका. तो माणूस माझा नवरा. ते दोन दिवस बंदूक माझ्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी उभी होती, आणि तिच्याकडे पाठ न करता मी बीन्स शिजवले. अधिकारी ती न्यायला आले, तेव्हा त्यांच्या मागोमाग व्हर्नाही आली. कुणी बोलावलं नव्हतं. बर्फात उभी राहिली, आणि मी दाराबाहेर आले तसा स्वतःचा कोट तिने माझ्या खांद्यावर घातला. तेव्हापासून मी या गल्ल्यावर आहे. तेव्हापासून या दुकानात उत्तर आल्याशिवाय बंदूक हलत नाही. गिऱ्हाइकं चिडली, डोंगरापलीकडच्या दुकानात गेली. तिने कुणाला अडवलं नाही.

पण ती परकी माणसं. हा सख्खा थोरला भाऊ, तिला अंगाखांद्यावर खेळवणारा. एमरी दार आपटून गेला, आणि व्हर्नाने त्या दिवशी ती एकच बंदूक तीनदा पुसली.

सोमवारी दुपारी बाहेर भोंगा वाजला. मारलेलं हरीण नोंदवायची जागा आमच्या भागात एकच, व्हर्नाचं दुकान. पिकअपमध्ये मागे मोठा नर, पुढच्या सीटवर नाकात ऑक्सिजनची नळी घातलेला क्लीट, आणि तो भोंग्यावरचा हात काढेना.

“कुणी मारलं?” व्हर्नाने विचारलं.

“क्लीटने!” एमरी ओरडला. “आणि जोरात बोल, डावा कान गेलाय माझा!”

“म्हणजे?”

“त्याच्या हातांना बंदूक पेलत नाही. माझे हात रिकामेच होते. गुडघ्यावर बसलो आणि बंदूक टेकायला खांदा दिला. बार कानाशीच झाला.” त्याने गाडीतल्या क्लीटकडे पाहिलं. “दोन वर्षं त्याला नेम धरता येत नव्हता, व्हर्ना. मी शेजारी बसून माझ्याच बंदुकीवरून समोर बघत राहिलो, मला कळलंच नाही.”

मग आत येऊन, कुणी न सांगता, त्याने पेन उचललं आणि अर्जातल्या रिकाम्या चौकोनात नऊ आकडे लिहिले, एकेक दाबून. व्हर्नाने फोन लावला. मी कॉफी ओतली. ती निवायच्या आत उत्तर आलं: द्या.

“मग इतके दिवस कशाला लावले त्यांनी?”

“असेल कुणी तुझ्याच नावाचा. ज्याला देऊ नये असा. ते मला सांगत नाहीत.”

एमरीने भिंतीवरच्या बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी मी मान खाली घातली नाही.

“तो दुसरा एमरी बेनेट कुठल्या दुकानात जात असेल गं?”

“काय माहीत,” मी म्हटलं.

“तिथेही अशीच एखादी हेकट बाई असू दे.” तो बहिणीकडे वळला. “काडतुसांचा एक डबा दे. आणि कानात घालायला कापूस.”