झऱ्याचं मीठ आणि बाबाचं बोट

रविवारी तांड्याखालच्या झऱ्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. शेलूबाजारहून जीपा भरभरून आल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या गोड असलेलं झऱ्याचं पाणी दिवाळीनंतर खारट झालं होतं आणि मधुरबाबा सतरंजी टाकलेल्या मंचावर बसून ते नुसत्या बोटानं गोड करत होता. लोट्यात बोट बुडवायचं, "बोल माता, खारा काट, मीठा बाँट!" म्हणायचं, की चाखणाऱ्याचे डोळे मोठे आणि गर्दीचा जयजयकार!

रांगेत कमलीबाई सून मंजूला धरून उभी होती. मंजूला आठवा महिना. पायांवर सूज, सकाळपासून डोकं ठणकत होतं. मुलगा धनराज ऊसतोडीला गेलेला. जोखीम सगळी सासूच्या पदरात. कमलीबाई एरवी बाजारात वांगंही दाबून, हुंगून घेणारी. पण नातवाच्या बाबतीत तिची पारख जरा हलली होती.

"दवाखान्याच्या गोळ्या बंद!" बाबानं फर्मावलं. "माता नाराज होती है. बाळ होईस्तोवर हेच पाणी."

मंजूनं लोटा उचलला.

"मंजूताई, थांबा!" आरोग्य उपकेंद्रातली डॉक्टर उजमा गर्दी सारत आली. मंजू तपासणीला चुकली म्हणून ती शोधत आली होती. "हिचं बीपी वाढलंय. पाणी गोड लागलं तरी मीठ त्यातच आहे."

"मीठ माझ्या नजरेनं जळालं!"

"मग मंत्र तुमचा, बोट माझं. चालेल?"

गर्दीला तमाशा हवाच होता. बाबाला मंत्र म्हणावा लागला. उजमानं चाखलं. खारट.

"तुझी श्रद्धा नहीं, बेटी."

"माही हाय ना," कमलीबाई पुढं सरली. "माह्या बोटानं करा."

पुन्हा मंत्र. पुन्हा खारट. गर्दी कुजबुजू लागली.

तेवढ्यात मंजू पुटपुटली, "बाई, मले समोरचं धुकट दिसून राह्यलं."

उजमाचा चेहरा बदलला. "मावशी, झटका येऊ शकतो. दोघांच्या जिवाला धोका आहे. जीपमध्ये चला."

बाबा मंचावरून उतरून आडवा आला. "मातेच्या दारातून नेली तर बाळ हातचं जाईल!" त्याचे चेलेही वाट अडवून उभे राहिले. कोणी हलेना.

कमलीबाईनं बाबाकडं पाहिलं, मग त्याच्या बोटाकडं. पुढच्या क्षणी तिनं त्याचं मनगट पकडलं आणि ते बोट सरळ तोंडात घातलं. आधी गोडमिट्ट, मागून कडू.

"अवं बाई!" ती थुंकली. "हे तं आमच्या बुढ्याच्या चहातली गोळी हाय! शुगरवाल्याची! नखात भरून ठेवली मेल्यानं!"

हसण्याचा असा लोट उठला की चेल्यांची फळी फुटली. जीप मंगरूळपीरच्या दवाखान्याकडं सुटली. बाबा दुसऱ्या वाटेनं.

वेळेत पोचल्यानं मंजू वाचली, बाळाचे ठोकेही ठीक. तिला दवाखान्यात ठेवून कमलीबाई कपडे न्यायला आली, सोबत उजमा होती. तांडा झऱ्यावर जमलेलाच होता.

"गोळीचं समजलं, पन झरा काहून खारावला?" कमलीबाईच्या नवऱ्यानं, धरमसिंगनं विचारलं. तांड्याचा नाईक तोच.

"वरच्या नाल्यात यंदा पाणी अडवलंत का?" उजमानं विचारलं.

धरमसिंगनं मान खाली घातली. दरवर्षी दसरा झाला की, माणसं ऊसतोडीला निघायच्या आधी, बंधाऱ्याच्या लोखंडी पाट्या बसवायची रीत. "यंदा बाबा म्हने, नाला बांधल्यानं माता कोंडते. आमी पाट्या त्याच्या मंचाले देल्ल्या."

उजमानं मंचावरची सतरंजी ओढली. ज्या पाट्यांनी पाणी अडायचं, त्यांच्यावरच बाबा बसला होता!

"अडवलेलं गोड पाणी मुरतं, झऱ्याला मिळतं आणि खोलातलं खारं पाणी खाली दाबून ठेवतं. तुम्ही नाला मोकळा सोडलात, शिवाय बोअर दिवसभर चालवलेत. खालचं खारं वर आलं."

"म्हंजे आधी दुखनं देल्लं, मंग वैद्य झाला," कमलीबाई म्हणाली. "आता पाट्या लावल्या तं उद्या गोड होईन?"

"उद्या नाही. नाल्यात अजून धार आहे. साठेल, मुरेल, वेळ लागेल. बोअरही आवरा."

"आइकलं?" कमलीबाई तांड्याकडं वळली. "पानी खारं लागलं तं माता कोपली म्हनू नका. नाल्यात उतरा, पाहा, शिकल्यासवरल्याले विचारा. अन् कोनाचं काही दुखत असन तं आधी दवाखाना. माही सून मी माह्याच हातानं मारत होती."

बहुतेक गडी ऊसतोडीला. मागं राहिलेल्या बाया एकमेकींकडं पाहत होत्या. कमलीबाईनं पदर खोचला आणि जड पाटीचं एक टोक उचललं.

"दुसरं टोक कोन धरते?"