पेन्सिलच्या खुणेपासून वीतभर दूर

मी भिंतीतला वासा शोधणारा चुंबक बोलतोय. साबणाच्या उरलेल्या वडीएवढा, पिवळ्या प्लास्टिकच्या खोळीतला. मला ना बॅटरी लागते, ना माझ्यावर दिवे लागतात. आमच्या अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या घरांच्या भिंती म्हणजे आत उभे लाकडी वासे, मधे नुसती पोकळी आणि वरून ठोकलेले जिप्समचे बोर्ड. ज्या स्क्रूंनी बोर्ड वाशाला जखडलेला असतो, ते रंगाखाली दडून असतात. मला भिंतीवरून हळूहळू फिरवलं, की स्क्रूपाशी मी चिकटतो. उगीच मात्र कधीच चिकटत नाही.

मला निवडलं इर्मा लिंडक्विस्ट या म्हातारीनं. दुकानात तिचा मुलगा डेल लाल दिव्यांचं, पीं पीं करणारं यंत्र घेऊन उभा होता.

"आई, हे खेळणं कशाला? यात बघ, भिंतीतली वायरसुद्धा कळते."

"तुझ्या बापानं सगळं घर असल्याच चुंबकावर सजवलं. आणि तुझ्या यंत्राची बॅटरी संपली की मी तुला फोन करणार, तू उचलणार नाहीस."

दुकानदार हसला. डेल नाही हसला.

काम तसं लहानच होतं. कमोडशेजारी धरून उठायला एक उभा दांडा बसवायचा होता. इर्माचे गुडघे गेले होते. दांडा बसवा, नाहीतर एकटीनं राहणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि इर्माला ते घर सोडायचं नव्हतं.

डेलनं आधी बोटांनी भिंत ठोकून पाहिली. सगळे पुरुष ठोकतात आणि काहीतरी कळल्यासारखा चेहरा करतात. मग नाइलाजानं त्यानं मला फिरवलं. मी चिकटलो. तिथून सरळ खाली पुन्हा चिकटलो. वासा सापडला. त्यानं पेन्सिलनं खूण केली.

तेवढ्यात त्याची बायको ट्रिना दारात आली. "अरे, तिथे कुठे लावतोस? आरसा आणि खिडकीच्या मधोमध येत नाहीये. किती विचित्र दिसेल! उद्या घर विकायचं झालं तर लोक आधी बाथरूमच बघतात."

"खूण तिकडे आहे ना रे?" इर्मानं बाहेरून विचारलं.

"आई, तू बस गं. स्क्रूंना प्लास्टिकचे गट्टू घालतोय. माणूस लोंबकळला तरी निघायचे नाहीत."

दांडा खुणेपासून वीतभर दूर, अगदी मधोमध बसला. झकास दिसत होता. ट्रिनानं फोटोही काढला. मला स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये फेकून दिलं.

हिवाळ्यात एका सकाळी मला आधी जिप्सम फाटल्याचा आवाज ऐकू आला, मग इर्माचा. दांडा तिच्या हातातच राहिला होता. शेजारीण येईपर्यंत ती गार फरशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं. मला राग आला, पण चुंबकाच्या रागाला कोण विचारतो?

घर विकायला निघालं. डेलनं लांबी भरून भोकं बुजवली आणि भिंतीला रंग दिला. माझी खूणही त्याखाली गेली. घर घेणाऱ्यांना बाथरूम फार आवडलं म्हणे. सामान आवरताना इर्मानं मला मागून घेतलं.

आता आम्ही दोघं वृद्धाश्रमातल्या एका खोलीत असतो. तुमच्याही घरात कुणाचे गुडघे जातील. तेव्हा मी चिकटेन तिथेच ड्रिल लावा हो, डोळ्यांना बरं दिसेल तिथे नको.

परवा डेल दालचिनीचे रोल घेऊन आला. इर्मा चाकांच्या खुर्चीतून पलंगाशेजारच्या दांड्याजवळ भिंतीवरून मला फिरवत होती.

"आई, हे काय चाललंय?"

"बघतेय, हा नीट बसवलाय का."

इथले वासे लोखंडी आहेत. दांड्याच्या रेषेत मी वरपासून खालपर्यंत घट्ट चिकटलो. इर्मानं दांडा धरला, सगळा भार त्यावर टाकला आणि थरथरत उभी राहिली. डेल घाईनं हात द्यायला पुढे आला.

"नको," ती म्हणाली. "हा पक्का आहे."